अमेरिकेतून ब्रिटनमध्ये आलेय, सातवा महिना लागतोय आणि इथे डॉक्टर बघतच नाही: परत जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी न्यू जर्सीत जन्मली-वाढली, आईवडील पुण्याचे, ती आणि नवरा दोघांचेही पासपोर्ट अमेरिकन, नवऱ्याच्या नोकरीपायी वर्षभरापूर्वी तिकडची नोकरी सोडून रेडिंगला आले. आता सातवा महिना लागतोय, पहिलंच बाळंतपण. मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) सोडून कुणी तपासत नाही, सोनोग्राफी दोनच झाल्या आणि पुढे नाही म्हणतात, तिकडच्या मैत्रिणी रोज विचारतात की हे काय चाललंय, आणि आईचं म्हणणं सरळ विमानात बस आणि ये. तर जावं का, आणि इथंच राहिलं तर पुढच्या वर्षभरात काय काय वेगळं असणार.

अगं, सरळ उत्तर आधी देते. नुसत्या या भीतीपोटी जाणार असशील तर नको जाऊस. आई जवळ हवी म्हणून जायचं असेल तर ती वेगळी गोष्ट, त्यात मी पडणार नाही, पण मग आत्ताच ठरव कारण २८ आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या मिडवाइफचं किंवा डॉक्टरचं पत्र मागतात आणि साधारण ३६ आठवड्यांनंतर घेतच नाहीत. आणि तिकडचा इन्शुरन्स अजून चालू आहे का ते बघ, नोकरी सोडून वर्ष झालंय म्हणजे बहुतेक नसणार, आणि अमेरिकेत इन्शुरन्सशिवाय बाळंतपण म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. इथे व्हिसाच्या वेळीच तुम्ही हेल्थ सरचार्ज भरलाय, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आहे सध्या, म्हणजे हे काही फुकटात मिळत नाहीये, पैसे मोजलेत तुम्ही, तेव्हा मागताना संकोच करू नका. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढचं सगळं मागण्याबद्दलच आहे.

मी इथे आधी मिडवाइफ होते, आता बरीच वर्षं हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ झाल्यावर घरी येऊन आई-बाळाला बघणारी नर्स, आहे, आणि आमच्या भागात कंपन्यांमुळे अमेरिकन कुटुंबं सारखी येत-जात असतात, त्यात आपल्यासारखी देशी-अमेरिकन पण आली. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, डॉक्टर कुठाय. तर इथे साधं, गुंतागुंत नसलेलं बाळंतपण पहिल्यापासून शेवटपर्यंत मिडवाइफच करते, डॉक्टर काही वावगं दिसलं तर येतो. पहिलटकरणीला गाइडलाइनप्रमाणे सगळ्या मिळून दहा अपॉइंटमेंट, दुसऱ्या खेपेला सात. सोनोग्राफी १२ आठवड्यांच्या आसपास एक आणि २० च्या आसपास एक. त्यानंतर मिडवाइफ टेप घेऊन पोट मोजते, ब्लड प्रेशर, लघवी, बाळाचे ठोके, झालं. तुला वाटतं ही काय टेप घेऊन बसलीय, पण ते माप दर वेळी चार्टवर मांडतात आणि रेघ अडली की लगेच स्कॅनला पाठवतात. तिकडे शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला आतून तपासतात, इथे कारण नसेल तर हातही लावत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या तपासणीतून कळ कधी सुरू होणार हे काही कळत नाही.

दोन गोष्टी मात्र बघून घे. साखरेची टेस्ट इथे सरसकट नसते, पण आपल्यासारख्या दक्षिण आशियाई बायकांना २४ ते २८ आठवड्यांत द्यायची असते कारण आपल्यात डायबेटिसचं प्रमाण जास्त. तुझी झाली नसेल तर उद्या फोन कर, कारण मुदत संपत आलीय, आणि कधीकधी नाव आणि अमेरिकन अॅक्सेंट ऐकून फॉर्मवर तो चौकोन टिक करायचाच राहतो. दुसरं, ग्रुप बी स्ट्रेपची टेस्ट, आईकडून जन्मताना बाळाला लागू शकणाऱ्या जंतूंची. अमेरिकेत ३६-३७ आठवड्यांत सगळ्यांची करतात, इथे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सगळ्यांची करत नाही, हवी असेल तर प्रायव्हेट किट मागवून करता येते. मैत्रिणी विचारतील तेव्हा दचकू नकोस म्हणून सांगितलं.

आणि बाळाची हालचाल कमी वाटली, वेगळी वाटली, तर मॅटर्निटी ट्राएजचा (हॉस्पिटलातल्या गरोदर बायकांसाठीच्या तातडीच्या विभागाचा) नंबर तुझ्या नोट्सवर असतो, चोवीस तास चालू. रात्री तीन वाजता पण करायचा. उद्या अपॉइंटमेंट आहेच की, तेव्हा सांगू, असं अजिबात नाही.

आता खरा मुद्दा. अमेरिकेतली व्यवस्था तुला बोलावते. पुढची तारीख ठरलेली, मेसेज येतो, न गेलीस तर फोन येतो, टेस्ट तर तू न मागताच होते. इथली व्यवस्था तू सांगितल्यावर हलते. तुझ्या तोंडून "मला काळजी वाटतेय" हे शब्द बाहेर पडले की चक्रं फिरतात, तोवर तू बरी आहेस असंच धरलं जातं. आणि इथली बोलायची पद्धत अशी की सगळे सगळं बारीक करून सांगतात. इंग्रज बाई टाके उसवलेत तरी म्हणते जरासं अनकम्फर्टेबल वाटतंय. अमेरिकन बाई या बाबतीत खरं तर बरी, ती मोकळं बोलते, पण इथे आल्यावर तिलाही वाटतं की हे लोक इतके सभ्य, आपण फार मागण्या करतोय असं नको वाटायला, आणि गप्प बसते. त्यात तू मराठी घरातली. आपल्याकडे बाळंतिणीने सोसायचं असतं हे दुधातूनच पाजलेलं असतं. म्हणजे दोन्हीकडून तोंड बंद.

हे मी उगाच म्हणत नाहीये. डोना ऑकेंडन यांचा श्रूझबरी आणि टेलफर्ड इथल्या हॉस्पिटलांबद्दलचा रिपोर्ट मार्च २०२२ मध्ये आला, त्यात पानोपानी हेच आहे की बायका सांगत होत्या आणि ऐकलं गेलं नाही. मातामृत्यूच्या इथल्या पाहणीत आशियाई बायकांचे आकडे वर्षानुवर्षं गोऱ्या बायकांपेक्षा वाईट येतात. म्हणजे सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण त्यावर उपाय परत पळणं हा नाही, तिकडचे मातामृत्यूचे आकडे इथल्यापेक्षा वाईटच आहेत. उपाय हा की नीट, स्पष्ट, दोनदा सांगायचं. "मला बरं वाटत नाहीये, मला कुणीतरी तपासायला हवंय, आणि तुम्ही नाही म्हणत असाल तर नोट्समध्ये तसं लिहा." हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेव. नवऱ्यालाही पाठ करायला लाव, कळा सुरू असताना तुला ते सुचणार नाही.

हॉस्पिटलचं सांगते. बॅग मोठी न्यायची. तिकडे डायपर, पॅड, ती जाळीची अंतर्वस्त्रं, बाळाचे कपडे सगळं हॉस्पिटल देतं आणि लोक येताना उरलेलं पिशवीत भरून आणतात, इथे तसं धरून चालायचं नाही, नॅपी, कापूस, जाड मॅटर्निटी पॅड, बाळाचे कपडे आपले आपण. एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन, लेबर वॉर्डात मिळतं, पण फक्त मिडवाइफ चालवतात ते बर्थ सेंटर निवडलंस तर तिथे नसतं, हवंच असेल तर लेबर वॉर्डात हलवतात, तेव्हा आधीच ठरव. गॅस अँड एअर म्हणजे एन्टोनॉक्स, अर्धा नायट्रस ऑक्साइड अर्धा ऑक्सिजन, ते सगळीकडे, नळी आपल्याच हातात, कळ वर चढायच्या आधी ओढायला सुरुवात करायची, चढल्यावर ओढून उपयोग नाही. बाळ झाल्यावर चहा आणि टोस्ट येतो, पांढरा पाव, लोणी, त्यात काही विशेष नसतं पण सगळ्या बायका वर्षानुवर्षं त्या टोस्टची आठवण काढतात. नंतर वॉर्डात पडदे लावलेल्या चार-सहा कॉट, बाळ तुझ्याच शेजारी, रात्री बाळांना वेगळ्या खोलीत नेणारी नर्सरी हा प्रकार नाही. नवऱ्याला रात्री थांबू देतात का ते हॉस्पिटलवर आहे, आधी विचार. सगळं नीट असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. केट मिडलटन २०१५ साली शार्लटच्या वेळी दहाएक तासांत बाळ घेऊन दारात उभी राहिली तेव्हा अमेरिकन चॅनलवाल्यांना धक्का बसला होता, इथे कुणाला त्यात काही वाटलं नाही, केसांबद्दल मात्र बोलले सगळे.

आणि इथून पुढे ब्रिटन अमेरिकेच्या पुढे आहे असं माझं मत, माझा पेशा आहे म्हणून म्हणत असेन कदाचित. तुमच्याकडे दोन दिवस हॉस्पिटलात, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाके दुखत असताना बाळाला गाडीत घालून पीडियाट्रिशियनकडे, आणि आईला बघायला सहा आठवड्यांपर्यंत बहुधा कुणी नाही. इथे मिडवाइफ घरी येते. साधारण दुसऱ्या दिवशी एकदा, पाचव्या दिवशी टाचेतून रक्त घ्यायला आणि वजनाला, दहाव्या दिवसाच्या सुमारास शेवटची. काही भागात मधली एखादी भेट क्लिनिकमध्ये बोलावतात, माणसं कमी आहेत. मग दहा ते चौदा दिवसांच्या मध्ये आम्ही येतो, हेल्थ व्हिजिटर. सहा ते आठ आठवड्यांना जीपी, म्हणजे तुमचा नेहमीचा डॉक्टर, बाळाला तपासतो आणि तुलाही. मग वर्षाच्या आसपास आणि दोन-अडीच वर्षांना परत आम्ही. मध्ये डॉक्टरकडे ठरलेली अपॉइंटमेंट नाही, आणि इथे अमेरिकन आया कावऱ्याबावऱ्या होतात, कारण तिकडे एक महिना, दोन, चार, सहा, नऊ अशा रांगेने भेटी असतात. इथे वजनाला क्लिनिकमध्ये जायचं आणि बाकी वेळी काही वाटलं तर फोन करायचा. परत तेच, फोन तू करायचा.

पहिल्या भेटीत काय होतं ते सांगते म्हणजे तुला दडपण येणार नाही. आधी घर आवरू नकोस. आवरतातच सगळ्या, अमेरिकन तर हमखास, सोफ्यावर उशा रचलेल्या, कुकीजची प्लेट, हातात मोबाइलवर किती वाजता किती दूध आणि किती नॅपी याचा तक्ता तयार. तो तक्ता मी बघते, चांगलाच असतो, पण माझं लक्ष तिकडे नसतं. बाळाला पूर्ण उघडं करून वजन घ्यायचं असतं, तेव्हा कपडे काढायला मी आईलाच सांगते. त्या दोन मिनिटांत सगळं दिसतं. ती बाळाशी बोलते का, हात थरथरतात का, बटण उघडताना सासूकडे बघते का, बाळ रडलं की खांदे वर जातात का. वजन झालं की लाल पुस्तकात लिहायचं, हे लाल पुस्तक जपून ठेव, बाळाचं सगळं त्यात, लसी, वजन, सगळं. वजन किलोत असतं, तुझी आई तिकडून पाउंड विचारेल. आणि त्यातल्या तक्त्यात नऊ रेघा, सगळ्यात खालची ०.४ आणि सगळ्यात वरची ९९.६, म्हणजे शंभरातली किती बाळं त्याहून हलकी तो आकडा, अमेरिकन आई ते बघून विचारते माझं बाळ ९ लिहिलेल्या रेघेवर आहे म्हणजे नापास का. नाही गं. ज्या रेघेवर आहे तिच्या आसपास राहतंय ना, एवढंच बघायचं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच.

मग मी विचारते, आणि तू कशी आहेस. इथे उत्तर "फाइन" येतं. दर वेळी. म्हणून मी नवऱ्याला चहा ठेवायला पाठवते आणि परत विचारते. पुढे सहा-आठ आठवड्यांना मनाबद्दलचे ठरलेले प्रश्न असतात, पुष्कळदा एडिनबरा स्केल म्हणून दहा प्रश्नांचा कागद असतो, १९८७ पासून जगभर वापरतात, तुमच्या अमेरिकेतही तोच. त्यावर खरं टिक कर. अमेरिकेतून आलेल्या आयांना एक भीती असते, मी रडते म्हटलं तर ही बाई सरकारी माणूस आहे, कुठेतरी कळवेल आणि बाळ काढून घेतील. बाळंतपणानंतर मन खचणं यासाठी कुणी बाळ काढून घेत नाही, उलट मदत त्यानंतरच सुरू होते, टॉकिंग थेरपीजला, म्हणजे एनएचएसच्या समुपदेशनाला, तर तू स्वतःच नाव नोंदवू शकतेस, जीपीच्या चिठ्ठीशिवाय. झोप येत असूनही लागत नाही, बाळाला काही होईल हे सारखं डोक्यात, नको नको ते विचार येतात, हे मला सांग, मी हे ऐकूनच आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, किंवा कुणाला न दिसणारं दिसायला-ऐकू यायला लागलं, तर मात्र माझी वाट बघायची नाही, तेव्हाच्या तेव्हा ९९९ ला फोन किंवा ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग.

एकटेपणाचं वेगळं सांगायला हवं कारण तोच जास्त छळतो. तुझं बाळ नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास येणार असेल तर दुपारी चारला अंधार होतो इथे, नवरा दोन आठवड्यांची पॅटर्निटी लीव्ह संपवून कामावर, आईचा फोन लावावा तर तिकडे पाच तास मागे, सकाळी सात वाजता तू रडवेली होऊन फोन हातात घेतेस तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे दोन. शेजारीण हसून हवेबद्दल बोलते आणि दार लावते, त्यात रागावण्यासारखं काही नाही, इथे मैत्री व्हायला कारण लागतं. म्हणून आत्ताच, म्हणजे पोटात असतानाच, एनसीटी नावाच्या संस्थेच्या किंवा कुठल्याही अँटेनेटल, म्हणजे बाळंतपणाआधीच्या, क्लासला नाव घाल. एनसीटी १९५६ पासून आहे, पैसे बऱ्यापैकी घेतात, आणि खरं सांगू का, श्वास कसा घ्यायचा हे शिकायला कुणी जात नाही, आपल्याच तारखांच्या आसपास बाळंत होणाऱ्या सात-आठ बायका एकत्र मिळतात त्यासाठी जातात, मग त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होतो आणि पहाटे चारला दूध पाजताना त्यात कुणीतरी जागं असतं. पैसे नको घालवायला वाटले तर लायब्ररीतला राइम टाइम फुकट, चर्चच्या हॉलमधले बेबी ग्रुप पाउंड-दोन पाउंडात आणि वर चहा. चर्चमध्ये आहे म्हणून धर्माचं काही नसतं त्यात. पहिल्या दिवशी कुणी तुझ्याशी बोलणार नाही. दुसऱ्या वेळी पण नाही कदाचित. त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ग्रुपला जात राहा, चौथ्या-पाचव्यांदा कुणीतरी विचारतं, कॉफीला येतेस का.

लसी. तिकडच्या मैत्रिणीच्या तक्त्याशी ताडून बघू नकोस, डोकं फिरेल. इथे पहिल्या ठरलेल्या लसी ८ आठवड्यांना, मग १२, १६, मग वर्षाला आणि आता १८ महिन्यांनाही. मेनिंजायटिस बी इथे २०१५ पासून सगळ्या बाळांना देतात, तिकडे सरसकट नाही, आणि ती दिल्यावर ताप येतो म्हणून कॅल्पॉल, म्हणजे बाळांचं पॅरासिटामॉल, आधीच आणून ठेवायचं, तुमचं टायलेनॉल तेच. कांजिण्यांची लस अमेरिकेत १९९५ पासून आहे, इथे एनएचएसमध्ये ती जानेवारी २०२६ पासून आली, म्हणजे तुझ्या बाळाला वर्षाचं झाल्यावर गोवर-गालगुंड-रुबेलाबरोबरच मिळेल. आणि एक खास आपल्या लोकांसाठी, बीसीजी. तू अमेरिकन, नवरा अमेरिकन, पण बाळाचे आजी-आजोबा भारतात जन्मलेले ना, मग इथल्या नियमाने बाळाला बीसीजी द्यायची, साधारण २८ दिवसांनंतर. कुणी विचारलं नाही तर तू सांग की आजी-आजोबा भारतातले. पुढे अमेरिकेत परत गेलात आणि शाळेत टीबीची हातावरची टेस्ट मागितली तर बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची टेस्ट मागायची, ती बीसीजीने बिघडत नाही. लाल पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो काढून ठेव.

आई येणार असेल तर तिच्याशी काही गोष्टी आधीच बोलून घे, बाळ आल्यावर बोललीस तर भांडण होईल. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल लावून गरम पाणी, सगळं होऊ दे, मी तर म्हणते कर, इथल्या बायकांना ते मिळत नाही म्हणून त्या आपल्याकडे बघत बसतात. बाळाला हलक्या हाताने मालिश पण चालेल. पण गुटी नको, मध वर्षभर नको, काजळ नको कारण काहींत शिसं निघालंय, आणि धुरी तर नकोच, एक तर धूर बाळाच्या छातीत जातो आणि दुसरं म्हणजे स्मोक अलार्म वाजायला लागला की बाळ, आजी आणि शेजारी सगळे एकदम रडतात. दुलई नको. बाळाची खोली १६ ते २० डिग्री सांगतात इथे, अमेरिकेत तुमचं घर बाविसला असतं त्यामुळे तुला आणि आईला दोघींनाही हे थंड वाटणार, त्यासाठी झोपायची पिशवी मिळते, थंडीत २.५ टॉगची (टॉग म्हणजे उबेचं माप) घ्यायची, तेवढी पुरे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ ताप म्हणजे लगेच डॉक्टर, १११ ला (एनएचएसची हेल्पलाइन) फोन किंवा ए अँड ई, थर्मामीटर सेल्सिअसवर ठेव म्हणजे रात्री गणित नको करायला. पावडरचं दूध देणार असशील तर इथे उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, सत्तर डिग्रीच्या वर असतानाच पावडर घालायला सांगतात, नळाच्या कोमट पाण्यात तिकडे करतात तसं नाही. आणि व्हिटॅमिन डी, तुला रोज १० मायक्रोग्रॅम आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला थेंब, आपल्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, हे वर्षभर घ्यायचं.

कागदपत्रांत बरेच जण गडबडतात. बाळ इथे जन्मलं म्हणून ब्रिटिश होत नाही. १ जानेवारी १९८३ पासून आईबाबांपैकी एक ब्रिटिश किंवा इथे कायमचा सेटल्ड असावा लागतो. तुमचं बाळ अमेरिकन. आधी ४२ दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडे जन्मनोंद, तिथून सविस्तर दाखला घ्यायचा, छोटा नको. मग लंडनला नाइन एल्म्सच्या अमेरिकन एम्बसीकडे कॉन्सुलर रिपोर्ट ऑफ बर्थ अब्रॉडचा, म्हणजे परदेशात जन्मलेल्या अमेरिकन बाळाच्या नोंदीचा, अर्ज ऑनलाइन, फी १०० डॉलर, त्याबरोबरच पासपोर्ट, मुलाखतीला बाळालाही न्यावं लागतं. पासपोर्टच्या फोटोसाठी पांढरी चादर जमिनीवर पसर आणि वरून काढ. आणि हे विसरू नकोस की बाळ इथे असेपर्यंत व्हिसाशिवाय चालतं, पण एकदा न्यू जर्सीला आजीकडे नेलंत की परत येताना नुसत्या अमेरिकन पासपोर्टवर राहायला येता येत नाही, म्हणून जायच्या आधी बाळाचा डिपेंडंट व्हिसा. ओसीआय काढायचं ते त्यानंतर सावकाश. इथल्या कुणी ज्युनिअर आयसा नावाचं बचत खातं बाळासाठी उघड म्हणून सांगितलं तर थांब, इथे ते करमुक्त असलं तरी अमेरिकेचं करखातं आयआरएस तसं मानत नाही, आणि बाळ अमेरिकन आहे.

पैशाचं पटकन. गरोदरपणात आणि नंतर बारा महिने औषधं आणि एनएचएसचा दातांचा डॉक्टर फुकट, त्याचं मॅटर्निटी एक्झेम्प्शन मिडवाइफकडून मागून घे. तुमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते) नाहीत असं लिहिलेलं असणार, म्हणजे मुलांसाठीचं चाइल्ड बेनिफिट मागायचं नाही, शेजारीण म्हणाली तरी नाही, व्हिसा अडचणीत येतो. नऊ महिन्यांपासूनचे नर्सरीचे आठवड्याला ३० फुकट तास पण त्यामुळेच तुम्हाला नाहीत, तीन वर्षांनंतरचे १५ तास मात्र सगळ्यांना. तू इथे नोकरी धरली असशील तर मॅटर्निटी अलाउन्सला बसतेस का ते बघ, तो पब्लिक फंडात मोडत नाही.

राहिल्या वस्तू. तिकडून कार सीट आणू नका. मैत्रिणी बेबी शॉवरला महागातली देतात आणि सगळे प्रेमाने उचलून आणतात, पण अमेरिकन सीट इथे कायद्याने चालत नाही, युरोपियन मान्यतेचं ई लिहिलेलं लेबल हवं. इथली घ्या, नवीच घ्या. ब्रेस्ट पंप आणायचा तर त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना बघ, तिकडे इन्शुरन्स देतो, इथे विकत किंवा भाड्याने. बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन तर अजिबात आणू नकोस, ११० व्होल्टचं मशीन इथल्या २३० वर लावलं की गेलं. आणि तुझं अमेरिकन लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं, म्हणजे तुझं संपलं असेल किंवा संपत आलंय, ते बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते आणि टेस्टच्या तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत, म्हणून प्रोव्हिजनलचा, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा, अर्ज आज टाक, बाळ झाल्यावर अभ्यास होत नाही. तोवर बस. बसमध्ये प्रॅमसाठी जागा असते, पण व्हीलचेअर आली तर प्रॅम मिटावी लागते, म्हणून घेताना एका हाताने मिटणारीच घे, दुकानात बाळाएवढं काहीतरी कडेवर धरून मिटवून बघ.

आईचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर व्हिसा नको पण ईटीए, म्हणजे प्रवासाआधी काढायचा ऑनलाइन परवाना, लागतो, मोबाइलवर काढता येतो, एप्रिल २०२५ पासून १६ पाउंड होता, आताची फी बघून घे. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिजिटर व्हिसा, त्याला वेळ लागतो, आत्ताच अर्ज करा. कुठलाही असला तरी ट्रॅव्हल इन्शुरन्स काढायला लाव, मेडिकेअर (तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी विमा) अमेरिकेबाहेर साधारणपणे चालत नाही आणि पाहुण्यांना इथल्या हॉस्पिटलचं बिल येतं. आणि येताना डिंक आणि अळीव आण म्हणावं, तूप नको, दुधाचे पदार्थ कस्टम्सला काढून घेतात, आणि ते तर इथे रेडिंगच्या कुठल्याही देशी दुकानात मिळतं.